झेंडूच्या हारासकट

शिकायला सिडनीत होतो तेव्हा मी आणि माझ्या रूममेटने टूनगॅबी या उपनगरातल्या भाड्याच्या घरामागे सत्तरच्या दशकातली एक व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची, गाडी दुरुस्त करून उभी केली. इंजिनाची ताकद वाढवली, पण त्याच काळातले पार्ट लावून. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट जुन्या गाड्यांच्या भंगारातून शोधून आणले.

जवळच्या ब्लॅकटाउनमधल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, फक्त त्याच काळातले पार्ट वापरून ताकद वाढवलेल्या गाड्यांसाठी वेगळी ट्रॉफी होती. ती आम्हाला हवी होती. प्रदर्शन नेमकं दसऱ्याला आलं. सकाळी गाडीची पूजा करून आम्ही पुढच्या जाळीवर झेंडूचा हार बांधला.

परीक्षकाने बराच वेळ इंजिन पाहिलं. "काम चोख आहे, मित्रा. पण हार काढा, मग गुण देतो. त्या काळातलं नसलेलं काही गाडीवर चालत नाही."

"काढ ना," रूममेट मराठीत कुजबुजला. "नंतर परत बांधू."

"हार निघणार नाही," मी परीक्षकाला सांगितलं. "त्या काळातही आमच्याकडे दसऱ्याला गाड्यांना हार घालत होते."

"इथे नाही."

"आता इथेही."

त्याने आमची नोंद रद्द केली.

"झालं समाधान?" रूममेट चिडला.

"झालं."

मी गाडी रांगेतून काढून फाटकाजवळ लावली आणि बॉनेट उघडं ठेवलं. दुपारभर लोक तिथे थांबून इंजिन बघत होते.