घळीतली वावळ

उत्तनच्या मोझेस फोटोग्राफरला नवरा-नवरीपेक्षा त्यांच्यामागची झाडंच जास्त आवडतात, असं गावात म्हणायचे. त्यात तथ्य होतं. लग्न चर्चमधलं असो की मांडवातलं, तो जोडप्याला डोंगरामागच्या घळीत न्यायचा. वावळ, करंज, उंबर तिथे एकमेकांत घुसून वाढलेले. ऊन गाळून खाली यायचं.

तो गेल्यावर निगेटिव्हचे डबे मुलीकडे आले. आयरिन जवळच्याच बेव्हर्ली पार्क वस्तीतल्या एका लॅबमध्ये कामाला होती. तिने फोटो स्कॅन करून घेतले तेव्हा लक्षात आलं, की त्या घळीतल्या झाडांचे इतके जुने फोटो आणखी कुणाकडे नसावेत. मग रविवारची मिस्सा झाली की ती तिकडे जाऊ लागली. बापाने जिथून फोटो काढला ती जागा हुडकायची आणि तिथूनच आजचा काढायचा. खडकांच्या कडा जुळवून बऱ्याच जागा सापडल्या. काही झाडं होती, काहींच्या जागी सुबाभूळ माजली होती.

एक फोटो मात्र जुळेना. त्यात खडक नव्हता. एक थोराड वावळ आणि पुढे नवऱ्याशेजारी उभी नवी नवरी, शेवंती. तिचा नवरा वर्षभरातच तिला टाकून गेला होता. आता ती साठीची, किनाऱ्यावर बोंबील सुकवायची. त्या फोटोची जागा तिला कशी विचारावी, म्हणून आयरिनने बरेच दिवस टाळलं. शेवटी विचारलं. शेवंती लगेच निघाली.

घळीत आयरिनने दाखवलेली जागा तिने मोडीत काढली.

"हितं न्हाय. खाली. माझा एक पाय उतारावर व्हता, पडायची भीती वाटत व्हती."

खाली झुडपांत वावळीचा बुंधा आडवा पडलेला होता, कुजून पोकळ झालेला. खोडक्यातून मात्र फुटवे आले होते, माणसाहून उंच. आयरिनने कॅमेरा लावला आणि तिला बाजूला व्हायला सांगितलं. शेवंती हलली नाही.

"मी ऱ्हाते उभी. झाड किती हाय ते कसं कळल न्हायतर?"

आयरिनला ते पटलं. फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात तिने जुना आणि नवा, दोन्ही फोटो शेवंतीकडे नेले. शेवंतीने जुना पाहिला, परत दिला आणि नवा ठेवून घेतला. नवऱ्याचं नाव निघालं नाही. वावळीची साल दुखऱ्या सांध्यांना लावतात, एवढं तिने सांगितलं आणि ती बोंबील उलटायला गेली.