अनंत आणि थोरली जाऊ

लातूरच्या काळ्या मातीत, बोअरच्या जड पाण्यावर अनंत जगवायचा म्हणजे रोजची कटकट. पानं पिवळी पडली की मी ताकाचं पाणी घालायची, पावसाचं पाणी पिंपात साठवून ठेवायची. झाड नांदेडचं, माझ्या आईच्या अंगणातून रोप आणून लावलेलं. आई गेली, भावांनी ते घर विकलं, तिथं वसतिगृह उठलं. माहेर म्हणून माझ्याकडं एवढंच उरलं होतं.

थोरली जाऊ त्याच्यावर टपलेलीच. भूकंपात तडकलेला घराचा पुढचा भाग पाडून तिनं शिकवणीच्या पोरांसाठी खोल्या काढल्या होत्या. अंगण दोघींचं सामाईक. तिला तिथं न्हाणीघर पाहिजे होतं, आणि मधे माझा अनंत.

"वासानं साप येतेत. पोरांचे आईबाप भितेत," तिनं सुरू केलं.

"भूकंपानंतर आपण सगळे याच्याच शेजारी पत्रे टाकून झोपलो, अक्का. एक तरी साप दिसला का?"

ज्येष्ठात, नवी पोरं यायच्या आधी, तिनं खोल्यांना चुना दिला. मी बहिणीकडं गेले होते. येऊन बघते तर उरलेली बादली अनंताच्या बुडात ओतलेली. चुना या झाडाला विष, हे मीच तिला दहादा सांगितलं होतं.

"झाडाला चुना लावतेतच की. कीड लागत न्हाई," ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"खोडाला लावतेत. आळ्यात बादली ओतत न्हाईत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडून झाड वाचणार नव्हतं. आळं खणून पांढरी माती काढली, पाण्यावर पाणी घातलं. पिवळेपणा वर चढतच गेला. एक फांदी तेवढी हिरवी होती. तिची साल सोलून शेणमाती लावली, वरून गोणपाट बांधलं आणि ते रोज ओलं ठेवलं. मुळ्या फुटल्यावर फांदी कापून उदगीरकडच्या लाल मातीत, कुंडीत लावली आणि कुंडी माझ्या गच्चीवर नेली. दिवाळीपर्यंत अंगणातलं झाड वाळलं. जावेनं तिथं न्हाणीघर बांधलंच.

कुंडीतला अनंत ज्या वर्षी चैत्रात फुलला, त्या वर्षी मी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सगळी गल्ली बोलावली. जावेला घरी जाऊन आवतन दिलं. आंब्याची डाळ, पन्हं, आणि प्रत्येकीला अनंताचं एक फूल. जावेला कुंकू लावलं, डाळ दिली, ओटी भरली. ती फुलासाठी हात पुढं करून बसली. बायका बघायला लागल्या.

"तुम्हाला न्हाई, अक्का," मी म्हणलं आणि ताट शेजारणीपुढं नेलं.

ती उठून गेली. मला लई बरं वाटलं. अजूनही वाटतं.