समुद्रकाठची खुरपणी

उसाची लागण तोंडावर होती, तरी चार दिवस मोकळे सापडले म्हणून मी, माझी धाकटी जाऊ आणि दोघींचे नवरे जीप करून तेलगावहून कोकणात गेलो. उतरलो एका एकट्या राहणाऱ्या काकूंकडं. पाहुण्यांना त्या दोन खोल्या देत. घरामागं नारळाची बाग, मग वाळू, मग समुद्र. वाळूवर जांभळ्या फुलांच्या वेलीचं नुसतं रान माजलेलं.

रिकामं बसणं आमच्या रक्तातच न्हाई. सकाळी नवरे घोरत होते. जाऊ म्हणाली, "अक्का, काकूची जागा कसली तणानं भरलीय! शेजारच्या लॉजपुढं बघा, कशी साफ हाय." झालं! पदर खोचून दोघी उपटायला बसलो. तासाभरात बरीच जागा चकाचक करून मोठ्या तोऱ्यात काकूंना हाक मारली.

काकू आल्या आणि मटकन खालीच बसल्या. "अगो बायांनो, हे काय केलंत!"

मग त्यांनी सांगितलं. लॉजवाल्यानं पर्यटकांना खुर्च्या टाकायला हीच वेल काढली होती. पुढच्या पावसाळ्यात समुद्रानं वाळू ओढून नेली. त्याची भिंत पडली, वर काकूंचे तीन नारळ आडवे झाले. उरलेली बाग या मर्यादवेलीनंच धरून ठेवली होती.

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लॉजवाल्यानं आमच्यासारख्या पाहुण्यांसाठी वाटोळं केलं, आम्ही तर फुकटात केलं! जाऊ रडायला लागली. मी उपटलेली वेल उचलून बघितली, तर पेरापेराला मुळ्या.

"अगं, रडती कावून? हे तर बेणं हाय!"

मग काय! उसाच्या कांड्या करतो तसे वेलीचे तुकडे केले, सऱ्या पाडल्या, तुकडे आडवे दाबले. नवऱ्यांना उठवून बादल्या धरायला लावल्या. तेवढ्यात कुणी पर्यटक वाळूत गाडी घालायला लागला, तर जाऊ कमरेवर हात ठेवून आडवी उभी. "आमच्या लागणीवरून गाडी घालतो व्हय बे?" बिचारा मुकाट्यानं मागं फिरला. काकू पहिल्यांदा हसल्या.

पण पावसाळाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इथं गावाकडं आभाळ भरून आलं की आम्ही खूश व्हायचो, आणि लगेच मला काकूंची बाग आठवायची.

दसऱ्याच्या सुमाराला काकूंचा फोन आला. "लाटा पार बागेपर्यंत आल्या होत्या गो. वेल हलली नाही. नारळ सगळे उभे आहेत."

मी रानातच डोळे पुसले.

"पुन्हा या दोघी," काकू म्हणाल्या, "पण मी उठेपर्यंत हात बांधून बसायचं!"