चौथ्या भोंग्याच्या चिंध्या

म्या माहं पहिलं नाटक माह्याच हातानं, दाढीच्या ब्लेडनं कापलं. रागानं नाई, हुशारीनं! तेच तर दुखते.

पुलगावच्या गिरणीचे तवा दिवसातून तीन भोंगे वाजत. माह्या नाटकातली बाई गिरणीत कामाले जाते, भोंग्यावर उठते, भोंग्यावर जेवते, अन् एक दिवस तिले वाटते का एक भोंगा आपलाबी पाह्यजे, नुसता आपल्यासाठी वाजणारा. म्हणून नाटकाचं नाव 'चौथा भोंगा'. तीन अंक! एकवीस वर्षांचा होतो मी, एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट. इंग्रजी मशीनवर माही बोटं अशी पळत का मोठे बाबू उठून पाहाले येत. पण मराठीचं मशीन कुठं होतं आमच्यापाशी? सारं नाटक हातानं लिहिलं, जेवाच्या सुट्टीत, टाईप बिघडून फेकलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर.

आमच्या गल्लीतल्या गणपतीत दर साली नाटक होये. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे शाळेतले गुरुजी. ते म्हणाले, "बसव तुह्यं, पाहू." बस! मले झोप येईना.

नाटक बसवाचं तर हरेक नटाले त्याची नक्कल लिहून द्या लागते. नक्कल म्हणजे त्याची तेवढीच वाक्यं, अन् हरेक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन शब्द, म्हणजे कधी तोंड उघडाचं ते समजते. सात नट होते. सारं सात जागी वाटून लिहा! माह्यात तेवढा दम नव्हता, मले तालीम उद्याच पाह्यजे होती. मंग काय, ब्लेड घेतलं, वाक्यं पट्ट्यापट्ट्यांनी कापली, ज्याच्या त्याच्या पट्ट्या गिरणीतल्या खळीनं लांब कागदावर चिकटवल्या, अन् मधात समोरच्याचे दोन-दोन शब्द तेवढे हातानं लिहिले. एका रविवारात सात नकला! म्या स्वतःचीच पाठ थोपटली.

आठ दिवस तालीम झकास चालली. मंग गुरुजी म्हणाले, "नाटकाची पुरी वही आण. वर्ध्याच्या कचेरीत दाखवल्याशिवाय परवानगी भेटत नाई."

"वही तर वाटून टाकली, गुरुजी."

"वाटून टाकली? प्रसाद होता का?"

सारे हासले. गुरुजी नाई हासले. "शनिवारपर्यंत परवानगी आणली तर तुह्यं नाटक. नाई तर आपलं दर सालचं पौराणिक."

सहा नकला सहा जणांकडून जमवल्या. सातवी आमच्या नायिकेपाशी. नायिका म्हणजे गिरणीतला एक विणकर, लुगडं नेसला का त्याची चालच बदलून जाये. तो गावी गेलता, लगनासाठी पोरगी पाहाले, नक्कल घेऊन! गाव समुद्रपूरच्याही पुढं. रजा टाकली, मोटारीनं वर्धा, मंग हिंगणघाट, मंग समुद्रपूर, अन् तिथून दोन कोस पायी कपाशीतून.

त्याचा बाप ओसरीवर दोर वळत बसलता.

"काका, तुमच्या पोराजवळ माह्ये कागद आहेत."

"ते 'नाथ, तुमच्याविना मी कशी जगू'वाले?"

"हो, हो! तेच!"

"चुलीत घातले. इथं पोरीचा बाप घर पाहाले येऊन राह्यला, अन् कोनाड्यात हे! पोरगा कोणाले नाथ म्हणून राह्यला, असं इचारलं असतं तर काय सांगतो मी?"

मी तिथंच खाली बसलो. नायिकेशिवाय नाटकात उरते काय? नुसते सहा जण इचारतात अन् कोणी उत्तर देत नाई. अन् विणकर घरी नव्हता, सोयऱ्यांच्या गावी गेलता, दोन दिवस येणार नव्हता.

तेवढ्यात आतून त्याची वहिनी पाण्याचा गडवा घेऊन आली. "भाऊ, मले पाठ आहे सारं. भाऊजी गोठ्यात म्हशीपुढं म्हणत होते ना रोज. लिहून घ्या."

तिले लिहिता-वाचता येत नव्हतं. अंबाडीची भाजी निवडता निवडता ती सांगत गेली अन् मी लिहीत गेलो. बाकीच्या सहा नकला झोल्यात होत्याच, त्यातून समोरच्याचे शेवटचे दोन शब्द म्या म्हटले का ती पुढचं वाक्य धरे. एवढं धडाधड माहा एकही नट बोलला नव्हता! तिसऱ्या अंकात मात्र ती थांबली.

"हे नाई सांगत मी."

"काऊन? आठवत नाई का?"

"आठवते. पण नवरा म्हणते भोंगा झाला, अन् ही पानभर बोलत बसते. एवढं बोलाले टाइम कुठचा तिले? भाकर आहे ना तिची तव्यावर!"

"मंग काय बोलन ती?"

तिनं भाजीतून मानही वर केली नाई. "मले काय सांगता? भोंगा मलेबी आयकू येते."

"अन् पुढं?"

"पुढं भाकर पलटन."

माह्या बावीस ओळी! साऱ्या नाटकातल्या सगळ्यात झकास! मनातल्या मनात असा चिडलो तिच्यावर! पण करतो काय? माहं पान चुलीत गेलतं, अन् लिहिणाऱ्यालेच ते पाठ नव्हतं. लिहून घेतलं.

पुलगावले येऊन साऱ्या पट्ट्या परत सोडवल्या, ओळीनं लावल्या, परत खळ लावली. खळ काही वाळली नाई. शनिवारी तो ओला भारा घेऊन वर्ध्याच्या कचेरीत उभा राह्यलो. वर्धा तवा मध्यप्रदेशात होतं, म्हणून बाबू हिंदीत बोलले.

"ये नाटक है या जन्मपत्री?"

म्या उलगडून दाखवाले सुरुवात केली. त्यायनं एक पट्टी पलटवली अन् चष्मा वर केला. "अरे, इसके पीछे तो सरकारी चिट्ठी है! कहाँ से लाए?"

रद्दी आहे साहेब, बिघडलेले कागद आहेत, काय काय सांगितलं. "साफ कॉपी लाओ. दो कॉपी." अन् दुपारी कचेरी बंद झाली.

मंग पौराणिकच झालं. वरून गुरुजींनी मलेच प्रॉम्प्टर केलं. आमचा विणकर परत आलता, वहिनीनं आपली ओळ त्याच्याकडून गोठ्यात पाठ करून घेतलती, सोयरीक जुळलती, अन् तो राणी झाला! त्याच्या बापाले राणी चालते म्हणे, ती देवादिकांची असते. गिरणीतली बाई नाई चालत. सांगा आता!

दुसऱ्या अंकात राजा धर्मावर लांबलचक बोलला अन् थांबला. राणी गप्प. म्या विंगेतून वाक्य दिलं, परत दिलं. विणकराले काही आयकू येईना. त्यानं घाबरून माह्याकडे पाह्यलं, पदर खोचला, अन् राजाले म्हणाला, "मले काय सांगता? भोंगा मलेबी आयकू येते."

मंग बायांच्या बाजूनं जो हशा उठला, टाळ्याच टाळ्या! गिरणीवाले ओरडले, "वन्स मोअर!" अन् त्यानं परत म्हटलंबी!

गुरुजी धावत विंगेत आले. "हे कोणत्या पानावर आहे रे?"

माहं आहे, असं म्हणणार होतो, पण हातातल्या पानाकडेच पाहाले लागलो. साऱ्या 'चौथा भोंगा'तली एकच ओळ स्टेजवर गेलती, अन् तीबी वहिनीची.

"पान पाहून काय राह्यला? पुढचं वाक्य दे," गुरुजी म्हणाले. "राजा उभा आहे."