चाचीच्या टमाट्यांची लाल चिंधी

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल! माझा पराक्रमच तसा आहे.

पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. पुण्याहून शेतकी शिकून नुकताच नाशकात परतलो होतो. डोक्यात पुस्तकं, अंगात कोट! नाशकालगत मखमलाबादेला आमच्या शेजारी हमीदाचाचीचा मळा. त्या वर्षी सगळ्यांच्या टमाट्यांची पानं रोगानं चुरडून गेली, चाचीचा मळा मात्र हिरवागार!

कसा म्हणाल? पांढरी माशी थंडीनं गारठलेली असते ना, तेव्हा पहाटेच चाची रोगट झाडावर ओलं गोणपाट टाकायची, त्यातच गुंडाळून झाड उपटायची नि थेट जाळात! माशी उडालीच नाही, तर रोग पुढच्या झाडावर नेणार कोण? आम्हाला हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. मी तर बाईचा भक्तच झालो.

म्हटलं, एक दिवस आपण तिचं काम हलकं करू. पहाटे तिच्या आधी मळ्यात हजर! पाच-सहा झाडांना लाल चिंध्या बांधलेल्या. उपटायची खूण, दुसरं काय? पानं तर ठणठणीत होती. पण मी म्हटलं, वा रे नजर! रोग दिसायच्या आधीच ओळखते!

गोणपाट टाकलं, उपटली, जाळली.

चाची आली. "चिंधीवाली झाडं कुठं गेली?"

"जाळली!" मी छाती फुगवून.

चाची मटकन खाली बसली. "अरे बेटा, ती बियान्याची होती! माशी बसूनबी ज्यांना रोग लागला नाय, अशी तीन वर्सं निवडत आले मी. फळ कुनी तोडू नये म्हनून चिंधी बांधत्यात!"

नाशकातल्या कुठल्याही माळणीनं सांगितलं असतं. विचारलं कोणी?

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात आठवलं, कोटाच्या खिशात एक टमाटा आहे! उपटताना मोह झाला, न्याहारीला ढापला होता. काढून पुढे केला.

चाचीनं एक शिवी दिली नाही. बी राखेत मळून वाळवलं, आणि पुढल्या हंगामात त्या एका टमाट्यावर अख्खा वाफा उभा केला! काय बाई होती, सांगतो तुम्हाला!

तो वाफा बघायला गेलो, तर तिनं माझ्याच मनगटाला लाल चिंधी बांधली. मी फुललो. "म्हणजे मी बियाण्याचा का, चाची?"

"नाय बेटा," चाची शांतपणे म्हणाली, "तुझ्या हिशोबानं बांधली. दिसला की उपटायचा!"