एक्स-रेवाल्यांचं प्रमोशन

पगार साचत नाही, रजा साचत नाहीत, आमच्या लायनीत साचतात ते फक्त किस्से! नव्वदच्या दशकात रबाळ्याच्या एका गाळ्यात टेस्टिंग करणारी आम्ही तीन टाळकी. काम काय, तर पाइप असो, बॉयलर असो, टाकी असो, न फोडता आत चीर आहे का ते सांगायचं. कधी लाल रंग लावून, कधी एक्स-रेसारखा फोटो काढून. कोर्सच्या जाहिरातीत होतं, 'उज्ज्वल भवितव्य'. च्यायला, एवढ्या फिल्म्स धुतल्या, ते कशावर उमटलंच नाही!

सगळ्यात हाल माझ्या पार्टनरचे, शिंद्याचे. कोरेगावकडचा सातारी गडी, सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. त्याला एकच गोष्ट हवी होती, परमनंट नोकरी. कारण कराडकडची एक मुलगी त्याला पसंत होती, तिलाही तो पसंत होता, आणि तिचे वडील अडून बसले होते. "ऑर्डर हातात पडू द्या, मग सुपारी फोडू."

*

मुलगी बघायला मीही गेलो होतो. आदल्या दिवशी तळोज्यात लाल रंगाचं काम. तो रंग रॉकेलनंही निघत नाही. शिंद्यानं पोह्यांची बशी घेतली तर दहाही बोटं लालभडक! मुलीची आत्या म्हणाली, "नवऱ्या मुलाची मेंदी आधीच झालीय वाटतं!"

वडील काही हसले नाहीत.

"नक्की काम काय करता?"

"वेल्डिंगमधले दोष शोधतो."

"आन् घावला, तर दुरुस्त कोण करतं?"

"वेल्डर."

"त्यो परमनंट असतोय?"

"बहुतेक असतो."

"मग आमी वेल्डरच बघितला असता की!"

*

तळोज्यातल्या ज्या कारखान्यात आम्ही नेहमी जायचो, तिथं गेटमधून आत शिरलो की लोकांची तोंडं पडायची. एकदा शिंद्यानं टाकीचे तीन जोड नापास केले. तिथला सुपरवायझर भडकला, "सकाळपर्यंत टाकी एकदम ओके होती! तुम्ही आलात आणि चिरा पडल्या!"

शिंद्यानं नेमका तोच दिवस निवडला. संध्याकाळी त्याला विचारलं, "साहेब, तुमच्याकडे इन्स्पेक्टरची परमनंट जागा निघणार आहे म्हणे?"

"निघेल की. पण तुला नाही घेणार. बाहेरचा आहेस म्हणून निदान संध्याकाळी धड अंगानं घरी तरी जातोस!"

*

आमच्यात सीनियर म्हणजे पाटीलमामा. उरणला मोरा बंदराजवळचे, वीस वर्षं याच कामात. शिंद्यानं त्यांना विचारलं, "मामा, या लायनीत पुढं काय?"

"पुढं? पुढं चश्मा हाय!"

थट्टा नव्हती ती. दरवर्षी डोळ्यांची परीक्षा व्हायची, कार्डावरची बारीक अक्षरं वाचून दाखवायची. नापास झालात की फिल्म बघायचं बंद. मामांना दोन वर्षांपासून कमी दिसत होतं. आम्हा दोघांना ठाऊक होतं, पण बोलणार कोण? मामांनी सगळं कार्ड पाठ केलेलं. परीक्षेला खुर्चीवर बसले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत धडाधडा म्हणून मोकळे झाले, कुठं अडखळले नाहीत.

डॉक्टर म्हणाला, "मामा, या वर्षी कार्ड नवीन आहे."

मामा उठून उभे राहिले. "मंग तुजाच कारड चुकीचा हाय!"

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवसापासून मामांच्या हातात फिल्म नाही, लोकांनी जवळ येऊ नये म्हणून साइटभोवती बांधायचा दोर आला. वीस वर्षांच्या माणसाला दोर धरायला लावला, आणि आम्ही हसलो होतो. अजून लाज वाटते.

*

शिंदे वरच्या लेव्हलची परीक्षा पास झाला. पेढे घेऊन मालकांकडे गेला. "साहेब, आता परमनंट कराल ना?"

मालकांनी दोन पेढे उचलले. "अरे, सर्टिफिकेट दिलं ना! अजून किती परमनंट?"

आणि ते सर्टिफिकेट कंपनीच्या नावाचं. कंपनी सोडली की रद्द! मुलीच्या वडलांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे शाळा सोडली की पोरगं पुन्ना अडाणी?"

*

आणि मग तो इंटरव्ह्यू. एका मोठ्या कंपनीत रेडिओग्राफरची, म्हणजे आमच्याच फोटो काढायच्या कामाची, जागा निघाली, परमनंट, क्वार्टरसकट. शिंदे लेखी पास झाला. प्रॅक्टिकलला तर फिल्मवरची चीर परीक्षकाच्या आधी दाखवली. कराडहून निरोप आला, "निकाल कळवा, भटजींना बोलवतो."

शेवटचं टेबल सेफ्टी ऑफिसरचं. मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं.

आता हे सांगायला हवं. आमच्या छातीला एक बॅज लावायचा असतो. फोटो ज्या किरणांनी काढतो, त्यांच्या सोर्समधून अंगावर किती किरणं पडली ते त्यात उमटतं. दर तीन महिन्यांनी तो सरकारी लॅबला जातो, आकडा वाढला की चौकशी, आणि त्या माणसाला कामावरून बाजूला बसवतात. म्हणून आमचे मालक सकाळीच सगळे बॅज गोळा करून कपाटात ठेवायचे. "साइटवर हरवतील रे!" आम्हाला काय कळत नव्हतं? पण बाजूला बसलं तर रोजंदारी बुडते. आम्हीही गुपचूप काढून द्यायचो.

आत कागद उलटल्याचा आवाज आला.

"शिंदे, अनुभव सहा वर्षं लिहिलाय. इथं बॅजच्या रेकॉर्डवर सहा वर्षं सगळं शून्य आहे. तुम्ही सोर्सजवळ कधी गेलातच नाही!"

मला वाटलं, बोल रे बाबा, काहीतरी थाप मार! पण ते त्याला कधी जमलं नाही.

"साहेब, मी रोज जात होतो. बॅज येत नव्हता."

ऑफिसरनं फाइल मिटली.

"हे तर त्याहून वाईट."