खिडकी नसलेल्या खोलीतले दोन पलंग

जहाजातसुद्धा खोली निवडावी लागते हे मला कळलं तेव्हा मी खाली बसून वड्यांसाठी सांबार निवडत होते. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचे लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. पुतण्या बंगलोरहून आला होता. टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्यापुढे ताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, पदराने चष्मा पुसत बसल्या होत्या.

"इनसाइड ही लेते हैं ना मम्मी? खिड़की नहीं रहेगी."

"रात्री खिडकीतून काय दिसते? अंधारच न. दिवसभर त आपण वरच फिरू."

मुंबईहून निघायचं, गोव्याला जायचं, परत यायचं. ताई रिटायर झाल्या म्हणून मुलाची भेट. जाणार दोघी: ताई आणि त्यांची पुण्याची धाकटी बहीण. हे मला सकाळीच समजलं होतं. कोणी लपवलं नव्हतं. लपवावं असंही कोणाला वाटलं नाही, तेच मला लागलं.

मी वर्ध्याकडच्या एका खेड्यातली. आईने अंथरूण धरलं आणि सातवीत माझी शाळा सुटली. लग्न होऊन रायपूरला, गुढियारीच्या घरात आले तेव्हा मला हिंदी धड बोलता येत नव्हतं. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर, रात्रपाळीला. घरामागे रात्रभर वॅगन एकमेकींवर आदळायच्या आणि मी दचकून उठून बसायची. एकदा ताईंनी मला तशी बसलेली पाहिलं. भासऱ्यांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि मला आपल्या शेजारी झोपवलं. झोपेत त्यांचा हात येऊन माझ्या अंगावर पडला, जड, बांगड्यांसकट. दम कोंडला, पण उचलायची हिंमत झाली नाही. मग कधीतरी झोप लागली.

त्यानंतरचं सगळं त्यांचंच. पंडरीच्या कापडबाजारातल्या दुकानातून साड्यांच्या फॉल-पिकोचं काम त्यांनी आणून दिलं. भाजीवालीशी घासाघीस करायला शिकवलं, सही वळणदार करून घेतली. ताई मंत्रालयात नोकरीला होत्या; ते शहरातून नव्या रायपूरला गेलं तेव्हा ऑफिसच्या बससाठी डबा लवकर लागायचा, तो मी करायची. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. उलट ताई डबा विसरल्या तर दिवसभर मला घोर लागायचा, की काही चुकलं का माझं.

भासरे गेले आणि पुन्हा जुनंच सुरू झालं. नवऱ्याची रात्रपाळी असली की मी ताईंच्या खोलीत. बाथरूमचा दिवा चालू, दार थोडं उघडं. पूर्ण अंधारात त्यांना झोप येत नाही. हे पुतण्याला माहीत नाही, पुण्याच्या बहिणीला तर नाहीच.

"इकडे ये वं," ताईंनी हाक मारली. "पाह्य बरं, कोणती चांगली वाटते."

मी हात पुसत गेले. पडद्यावर खोल्यांचे नकाशे होते. एकीत दोन पलंग वेगवेगळे, मधे छोटं टेबल. दुसरीत तेच पलंग जोडून एक केलेले. तिसरीत खाली दोन, आणि वर छताला दुमडून ठेवलेला एक, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा खाली येणारा.

ताईंनी नकाशा काही वेळ पाहिला आणि लॅपटॉपच उचलून गल्लीच्या बाजूला फिरवला.

"मम्मी, क्या कर रहे हो?"

"तिकडे पूर्व आहे. जहाजाचं तोंड पूर्वेला धर. आता सांग, झोपणाऱ्याचे पाय दक्षिणेकडे येते का?"

"मम्मी, जहाज घूमता है! जाते समय अलग, आते समय अलग."

ताईंनी घर बांधताना गवंड्याचं जितक्या गंभीरपणे ऐकलं होतं, तितक्याच गंभीरपणे हे ऐकलं. "मग सोपं आहे. जातानी उशी इकडे, येतानी तिकडे."

पुतण्या खुर्चीत मागे पडून हसत राहिला. मीही हसले. तेवढ्यापुरतं मला बरंही वाटलं, कारण असं हसायला आम्ही तिघंच होतो.

मग त्याने मावशीला व्हिडिओ कॉल लावला.

पुण्याच्या बाईंचे केस नुकतेच कापलेले, गळ्यात मोत्यांचं काहीतरी नाजूक. बोलणं असं, की एक शब्द खाली सांडत नाही. त्या पडद्यावर आल्या की मी नेहमी थोडी बाजूला सरकते. त्या दिवशी नाही सरकले.

"अगं, जोडूनच घे," त्या म्हणाल्या. "लहानपणी झोपायचो तशा झोपू. रात्रभर गप्पा!"

बहीण आहे ती, सख्खी, माझ्याआधीची. तिचा हक्क पहिला हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? मला एवढंच दिसत होतं, की त्या खोलीत ताईंच्या शेजारी मोत्यांची माळ काढून ही झोपणार, आणि मी इथे बाथरूमचा दिवा चालू ठेवून कोणासाठी जागू?

ताई तिसऱ्या नकाशावर बोट ठेवून होत्या. "हे वरचं उघडते का रे?"

"हाँ, खुलता है."

"मग हीच घे."

खोटं कशाला सांगू, तेवढ्या वेळात मी निघालेसुद्धा. जांभळी साडी घ्यायची, नवऱ्याच्या डब्याचं शेजारच्या दीदीला सांगायचं, फॉलच्या साड्या आदल्या दिवशीच पंडरीला पोचवायच्या.

"वर बॅगा राहतीन," ताई म्हणाल्या. "पायात नको."

रेल्वेवाल्यांचं घर आमचं. वरचा बर्थ रिकामा दिसला की त्यावर सामान चढतं, त्याला ताई तरी काय करणार?

"मम्मी, तीसरा बेड मतलब तीसरा आदमी. बैग के लिए नहीं देते."

"असं?" ताईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडणारच होत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण पुण्याहून आवाज आला.

"अगं मग तुझ्या जावेला घे की! आपले गुडघे कुठे वर चढायचे? त्या चढतील पटकन. आणि चहाबिहा आणायलाही बरं."

त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. हसतच होत्या. पण ते चहाचं मला लागलं.

"मले पाण्याची भीती वाटते," मी म्हणाले. "मी नाही येत बाप्पा."

"काहून? तुले कधीपासून भीती?" ताईंनी विचारलं. "महानदीत त डुबक्या मारत होती राजिमला."

"ते नदी होती."

"काकी, स्विमिंग थोड़ी करना है," पुतण्या म्हणाला.

"सांबार वाळून राहिला," म्हणून मी आत गेले. हात कोथिंबिरीत, कान बाहेर. त्यांनी अजून एकदा म्हणावं असं इतकं वाटत होतं, की जुडीतल्या चांगल्या काड्याही मी कचऱ्यात टाकल्या. कोणी म्हटलं नाही. मग ताईंचा आवाज आला.

"पयली खोली कर. दोन पलंग अलग."

"अगं, जोडून म्हटलं ना मी!"

"नाही. मी झोपेत हात टाकते. तुले सवय नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कांदा चिरायचा नसल्यामुळे त्याला कारणही नव्हतं.

ताई जहाजावर गेल्या तेव्हा घर मोकळं झालं. नवऱ्याची नेमकी रात्रपाळी. मी ताईंच्या खोलीत दिवा लावून, दार थोडं उघडं ठेवून झोपायची, आणि मनात ते दोन पलंग मांडून पाहायची. मधे टेबल. टेबलावर तांब्या. हात पोचणार नाही इतकं अंतर. तेवढ्याने मला झोप यायची.

परत आल्यावर ताईंनी मोबाइलवर फोटो दाखवले. नाचगाणं, जेवणाची भली मोठी ताटं, डेकवर दोघी बहिणी सारख्याच टोप्यांत. मग खोलीचा फोटो आला. टॉवेलचा केलेला हत्ती, आणि त्याच्याखाली पांढरीशुभ्र चादर, एकसंध. पलंग जोडलेले.

मी फोन परत दिला. "अलग सांगितले होते न?"

"तिथल्या पोट्ट्याने आपल्या मनाने जोडून ठेवले होते. मग हे म्हणे, राहू दे, राहू दे." हे म्हणजे बहीण.

"बरं झालं," मी म्हणाले आणि वड्या तळायला उठले. तेल तापलं नव्हतं तरी वडी सोडली. ती तळाशी जाऊन बसली.

ताई मागोमाग आत आल्या, पाटावर बसल्या. "लय अंधार वं त्या खोलीत. दिवा बंद केला की आपलाच हात दिसत नाही. सकाळ झाली का नाही तेही समजत नाही. येतानी मी उशी त फिरवली, पण झोप काही आली नाही."

"बाथरूमचा दिवा?"

"तिला उजेडात झोप लागत नाही."

मी झारा हलवत राहिले. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "हात टाकला?"

"टाकला असंन. झोपेत काय समजते." त्या बांगड्या मागेपुढे करत राहिल्या. "जातानीच्या रात्री जाग आली तेव्हा तिनं उचलून माझ्याच छातीवर ठेवला होता. नीट, दोन्ही हात एकावर एक. पोथीवर ठेवते तसे."

मी गॅस थोडा मोठा केला. पहिली वडी वर आली, लाल झाली. ती मी ताईंच्या ताटलीत वाढली, मग दुसरी, आणि त्या नको नको म्हणत असताना तिसरी.

"आज त्याची रात्रपाळी आहे का?" ताईंनी विचारलं.

नव्हती. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

"हव, आहे," मी म्हणाले.